वजनाचा वैरी

मोटारीची काच आपण पुसतो, खाली-वर करतो, प्रवासभर तिच्यातून बाहेर पाहतो. तिला वजन असते हे मात्र आपल्या मनातही येत नाही. एक साधे गणित मांडून पाहा. चार मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच दहा किलो भरते. एखाद्या घरगुती मोटारीला चहूबाजूंनी मिळून तीन चौरस मीटर काच लागली असे धरले, तरी तीस किलो झाले. म्हणजे नऊ-दहा वर्षांचे एक मूल गाडीच्या वरच्या अंगाला कायमचे बसवून ठेवल्यासारखेच! शर्यतीच्या मोटारी बांधणारी मंडळी या मुलाला खाली उतरवायच्या खटपटीत असतात. जुनी काच काढायची, तिच्याच मापाने पॉलिकार्बोनेटचा तक्ता कापायचा आणि काचेच्या जागी तो बसवायचा. तेवढ्याच जाडीचे पॉलिकार्बोनेट चौरस मीटरला पाच किलोसुद्धा भरत नाही. वजन निम्म्याहून कमी होते, तेही गाडीच्या उंचावरच्या भागातले. त्यामुळे वळणावर गाडी कमी कलते.

पॉलिकार्बोनेट हे नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीचीच आहे. पाण्याचा वीस लिटरचा पारदर्शक जार, गाण्यांची सीडी, हेल्मेटची पुढची झडप, लहान मुलांच्या चष्म्यातल्या न फुटणाऱ्या काचा यांत तेच असते. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीतल्या हेर्मान श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या डॅनियल फॉक्स यांना ते जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांना पत्ता नसताना सापडले. हातोडा मारला तरी ते फुटत नाही. आज शर्यतीच्या गाड्यांत ते सर्रास दिसते, आणि पोर्शसारख्या कंपनीनेही आपल्या काही चपळ गाड्यांच्या मागच्या खिडकीला ते लावले आहे.

पण काचेतही वजन शोधायची ही जी नजर आहे, ती मोटारीच्या धंद्यात सगळ्यात अधिक कोणी रुजवली असेल तर ती कॉलिन चॅपमन नावाच्या इंग्रज माणसाने. लोटस मोटारींचा हा जनक. ताकदवान इंजिन घालून गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळेल. वजन काढून टाकले तर ती सगळीकडेच जोरात पळेल, असे त्याचे साधे म्हणणे. त्यापायी त्याने जग जिंकले. त्यापायी काही माणसेही गेली.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंडमध्ये झाला. वडील उत्तर लंडनमधल्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाचे मद्यगृह चालवीत. पोरगा हुशार, बोलका, आणि घाईचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने बांधकामाच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. तिथल्याच हवाई पथकात तो विमान उडवायलाही शिकला. पूल आणि इमारती यांचा भार कोणत्या खांबावर किती पडतो याचे गणित एकीकडे, आणि हवेत तरंगणाऱ्या यंत्रात एक छटाकही फुकट चालत नाही ही शिस्त दुसरीकडे. या दोन गोष्टी एका डोक्यात एकत्र आल्या. महायुद्ध नुकतेच संपले होते. लढाऊ विमानांच्या वैमानिकांवरचे पारदर्शक घुमट काचेचे नव्हते, पर्स्पेक्स नावाच्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे होते. मोटारवाल्यांनी काचेऐवजी प्लॅस्टिक उचलले ते विमानांकडूनच. पॉलिकार्बोनेट यायला अजून अवकाश होता.

कॉलेजात असतानाच त्याने जुन्या गाड्या विकत घेऊन विकण्याचा जोडधंदा केला. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी मोटारींचा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला आणि जुन्या गाड्यांचा बाजार कोसळला. शेवटी हातात उरली एक न खपणारी ऑस्टिन सेव्हन. दुसऱ्या कोणी ती भंगारात घातली असती. चॅपमनने ती आपल्या मैत्रिणीच्या, हेझल विल्यम्सच्या, आईवडिलांच्या घरामागल्या गॅरेजात नेली, तिचे अंग उतरवले आणि नवे चढवले. १९४८ मधली ही पहिली लोटस. लोटस म्हणजे आपले कमळ. हे नाव का ठेवले ते त्याने कधीच सांगितले नाही.

काही काळ त्याने ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी केली. हलक्या धातूची नोकरी, हाही योगच म्हणायचा. १९५२ च्या पहिल्या दिवशी लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली, ती हेझलने दिलेल्या पंचवीस पौंडांच्या उसनवारीवर. दोघांचे लग्न १९५४ मध्ये झाले. धंद्याच्या इतिहासात असे पंचवीस पौंड फार थोडे असतील. हेझल पुढे कंपनीत बरोबरीने राबली, पण तिचे नाव मोटारींच्या पुस्तकांत आभारापुरतेच येते.

सुरुवातीच्या लोटस गाड्या सुट्या भागांच्या पेटीत विकल्या जात. त्यामागे कराचे गणित होते. तयार मोटारीवर त्या वेळी ब्रिटनमध्ये जबर खरेदीकर होता. सुट्या भागांवर नव्हता. मात्र सोबत जोडणीची पुस्तिका दिली तर ती तयार गाडी धरली जाई. तेव्हा चॅपमनने गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचावी अशी सोय केली, अशी आख्यायिका मोटारशौकिनांत आजही रंगवून सांगतात. ती शब्दशः खरी असो-नसो, माणूस मात्र त्यात बरोबर उतरला आहे. नियम मोडायचा नाही, त्यातली फट शोधायची. १९५७ ची लोटस सेव्हन ही त्या पेटीतल्या गाड्यांची राणी. तिला धड दारे नव्हती. पाऊस आला की पारदर्शक प्लॅस्टिक शिवलेले पडदे बाजूला अडकवायचे. आपल्याकडच्या जुन्या जीपला पावसाळ्यात लावत तसेच.

त्याच वर्षी लंडनच्या मोटार प्रदर्शनात आलेली एलिट ही मात्र नाजूक, देखणी गाडी. तिला पोलादी सांगाडाच नव्हता. फायबरग्लासचे कवच हाच तिचा सांगाडा. वजन पाचशे किलोंच्या घरात. आणि खिडक्या? दाराचा बाक असा होता की काच खाली सरकायला आत जागाच नव्हती. वारा हवा असेल तर अख्खी काच काढायची आणि आत ठेवून द्यायची. काच वर-खाली करण्याचे यंत्र गेले, हँडल गेले, त्याबरोबर वजनही गेले. १९६६ च्या युरोपा गाडीच्या पहिल्या आवृत्तीत तर बाजूच्या काचा जागच्या जागी पक्क्या होत्या. उन्हात बसणाऱ्याचा जीव घुसमटला तरी चॅपमनच्या हिशेबात तो आकडा नव्हता. पुढच्या आवृत्तीत त्याला खिडक्या उघडत्या कराव्या लागल्या. एलिटने ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात सहा वेळा पहिला क्रमांक मिळवला. कंपनीला मात्र प्रत्येक एलिटमागे तोटा झाला असे म्हणतात. बनल्या त्या सगळ्या मिळून हजाराच्या आसपास.

शर्यतीच्या मैदानात त्याची ही काटकसर सगळ्यांत तेजाने दिसली. १९६० च्या मे महिन्यात मोनॅकोत स्टर्लिंग मॉसने लोटसला पहिली ग्रां प्री जिंकून दिली. पुढच्याच महिन्यात बेल्जियममधल्या स्पा इथे जे घडले ते या धंद्यातले लोक आजही विसरलेले नाहीत.

१८ जून १९६० चा शनिवार, सरावाचा दिवस. मॉसच्या लोटसचे मागचे चाक धावत्या गाडीतून निखळले; त्याचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलर या तरुणाच्या लोटसचे स्टीअरिंग दगा देऊन गाडी झाडीत घुसली. तो वाचला, पण त्याची शर्यत कायमची संपली आणि त्याने लोटसला कोर्टात खेचले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शर्यतीत क्रिस ब्रिस्टो हा दुसऱ्या कंपनीच्या गाडीतला तरुण ठार झाला. त्यानंतर काही मिनिटांतच ॲलन स्टेसी लोटस घेऊन सरळ रस्त्यावरून जात असताना एक पक्षी त्याच्या तोंडावर आदळला. स्टेसी सव्वीस वर्षांचा होता. एक पाय गुडघ्याखाली कृत्रिम असूनही तो जगातल्या उत्तम चालकांच्या पंक्तीला जाऊन बसला होता. त्याच्यापुढे होता प्लॅस्टिकचा एक बुटका पडदा, वारा छातीवर येऊ नये एवढ्यापुरता. चेहरा उघडाच.

पक्षी ही काही त्या रस्त्यावरची पहिली आपत्ती नव्हती. १९५२ मध्ये मेक्सिकोतल्या शर्यतीत मर्सिडीजच्या बंद गाडीच्या पुढच्या काचेतून एक गिधाड आत घुसले होते. चालकाशेजारी बसलेला हान्स क्लेंक रक्तबंबाळ झाला, पण दोघेही वाचले. मर्सिडीजवाल्यांनी नव्या काचेपुढे पोलादी सळ्या बसवल्या आणि शर्यत जिंकली. जर्मनांनी वजन वाढवले. चॅपमनने तसे केले असते असे मला वाटत नाही, आणि न्यायाने सांगायचे तर त्या काळात उघड्या शर्यती मोटारीचा दुसरा कोणी कारखानदारही तसे करत नव्हता. पक्ष्याचा दोष चॅपमनच्या माथी मारता येत नाही. निखळलेल्या चाकाचे मात्र तसे नाही.

त्या रविवारी शर्यतीत लोटसचा एक नवा चालकही होता. जिम क्लार्क, स्कॉटलंडचा मेंढपाळाच्या धंद्यातला लाजाळू तरुण. ब्रिस्टोचा मृतदेह त्याला धावत्या गाडीतून चुकवावा लागला. त्याला स्पा कायमचे नकोसे झाले, आणि तिथेच त्याने पुढे १९६२ ते १९६५ अशी लागोपाठ चार वर्षे विजय मिळवला. चॅपमन आणि क्लार्क ही जोडी म्हणजे शास्त्रीय गाण्यातल्या गवई आणि तबलजीसारखी. न बोलता एकमेकांची सम कळायची. क्लार्कसाठी चॅपमनने १९६२ मध्ये लोटस २५ बांधली. तिच्यात नळ्यांच्या सांगाड्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे पेटीवजा अंग होते. चालक आरामखुर्चीत टेकावा तसा जवळजवळ आडवा, नजर प्लॅस्टिकच्या पडद्याच्या कडेवरून पुढे. हलकी, आणि आधीच्या गाड्यांपेक्षा मजबूतही. वजन घटवणे म्हणजे केवळ पातळ करणे नव्हे, हे त्याच्या बुद्धीचे वैभव इथे दिसते. १९६३ मध्ये क्लार्क जगज्जेता झाला. १९६५ मध्ये पुन्हा झाला, आणि त्याच वर्षी त्याने अमेरिकनांच्या अंगणात जाऊन इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही जिंकली. लोटसचा चालक जिंकला की चॅपमन आपली काळी टोपी हवेत भिरकावी. ते चित्र जगभर छापले जाई.

७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत होकेनहाइमच्या एका दुय्यम शर्यतीत क्लार्कची लोटस झाडांवर आदळली आणि तो गेला. टायर बसला असावा असा बहुतेकांचा कयास. चॅपमन अंतर्बाह्य मोडला. पण मोसम थांबला नाही; त्या वर्षी ग्रॅहॅम हिल लोटसमधूनच जगज्जेता झाला.

पुढचा चालक योखेन रिंट. हा क्लार्कसारखा मुकाट नव्हता. १९६९ च्या मे महिन्यात बार्सिलोनात लोटसच्या उंच पंखांनी धावता धावता मान टाकली आणि हिल व रिंट दोघांच्याही गाड्या कठड्यावर आदळल्या. रिंटने चॅपमनला पत्र लिहिले. त्याचा मथितार्थ असा की तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमजोर भागांना चार-दोन किलो जास्त दिले तरी आपण जिंकूच. ज्या गाडीवर माझा भरवसा आहे तीच मला चालवता येईल. कर्ज मागणारा अर्ज लिहावा तितके ते अदबशीर होते. चार किलोंचे कर्ज! ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझाच्या सरावात, वेग वाढावा म्हणून पंख काढून टाकलेल्या लोटस ७२ चा पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला, आणि रिंट गेला. त्याचे गुण इतके झाले होते की उरलेल्या शर्यतींत त्याला कोणी गाठू शकले नाही. मरणोत्तर जगज्जेता झालेला तो आजवरचा एकमेव चालक.

चॅपमन निर्दय होता का? त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी त्याच्यावर जीव टाकला, हे खरे. तो स्वतःही धोका पत्करणारा होता. स्वतःचे विमान स्वतः उडवी. पण मला वाटते, वजन हा त्याच्या लेखी आकडा होता आणि माणूस त्या आकड्याच्या बाहेर राहिला. काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट बसवणाऱ्याला आजही नेमका हाच प्रश्न पडतो, म्हणून थोडे विषयांतर करतो.

पॉलिकार्बोनेट काचेहून चिवट खरे, पण काचेहून मऊ. पाण्याची फवारणी न करता वायपर दोन पावसाळे फिरला की चरे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झोत त्या चऱ्यांत फाकतो. म्हणून त्यावर कठीण लेप द्यावा लागतो. पेट्रोल किंवा ॲसिटोन लागले तर ते पांढरे पडते, तडकते. उन्हाने ते काचेच्या सातपट तरी अधिक फुगते. म्हणून स्क्रूची भोके मोठी ठेवायची आणि स्क्रू घट्ट आवळायचे नाहीत. जाणता मिस्त्री जुन्या काचेवरून कागदी नमुना काढतो, वरचा संरक्षक कागद न सोलता तक्ता कापतो आणि कडा घासून गुळगुळीत करतो, कारण चीर नेहमी कडेच्या खाचेतून सुरू होते. हे सगळे जमले तरी एक गोष्ट उरते. आपल्या बाजूच्या काचा कडक केलेल्या असतात. अपघातात टोकदार हातोडीच्या एका घावाने त्यांचा चुरा होतो आणि माणसाला बाहेर ओढता येते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, म्हणजे गाडी पेटली तरी फुटत नाही. जे पक्ष्याला आत येऊ देत नाही, ते आतल्याला बाहेरही जाऊ देत नाही. शर्यतीच्या गाडीत आतल्या माणसाच्या अंगावर अग्निरोधक कपडे असतात आणि मदतनीस काही सेकंदांत पोचतात. आपल्या घरच्या गाडीत मागच्या सीटवर आजी आणि नातवंडे असतात. हौशी तरुणांनी हा उद्योग रस्त्यावरच्या गाडीत करू नये, आणि पुढच्या काचेच्या वाटेला तर जाऊच नये. तिथे दोन थरांची, मध्ये पातळ पडदा असलेली काचच कायद्याने लागते.

आणि तेच पॉलिकार्बोनेट योग्य जागी वजन वाढवून जीव वाचवते. अमेरिकेतल्या इंडीकारच्या उघड्या मोटारींना २०२० पासून चालकासमोर टायटॅनियमच्या चौकटीत बसवलेला, थर देऊन बनवलेला पॉलिकार्बोनेटचा जाड पडदा लागतो. स्टेसीला साठ वर्षे उशीर झाला.

सत्तरच्या दशकात चॅपमनने आणखी एक चमत्कार केला. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या हवेलाच त्याने कामाला लावले. ती हवा गाडीला जमिनीकडे खेचू लागली, म्हणजे वजन न वाढवता वजनाचा फायदा! १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती लोटस ७९ मधून जगज्जेता झाला. त्याच मोसमात मोंझाच्या अपघातानंतर त्याचा सहकारी रॉनी पीटरसन दवाखान्यात मरण पावला. त्यानंतर लोटसला चॅपमनच्या हयातीत विजेतेपद मिळाले नाही.

आता पैशाची गोष्ट. अमेरिकेतला जॉन डिलोरियन नावाचा झगमगता गृहस्थ ब्रिटिश सरकारच्या पैशाने बेलफास्टजवळ मोटार कारखाना काढत होता, आणि गाडीचे अभियांत्रिकी काम त्याने १९७८ मध्ये लोटसला दिले. गाडीची दारे पंखासारखी वर उघडणारी, म्हणून अख्खी काच खाली जाईना. खिडकीत एक छोटी खिडकी ठेवावी लागली. टोलचे पैसे द्यायला हात बाहेर निघावा एवढीच. एलिटच्या काचेने वीस वर्षांनी उगवलेला सूड!

त्या कामाचे सुमारे पावणेदोन कोटी डॉलर पनामात नोंदलेल्या आणि जिनिव्हाचा पत्ता सांगणाऱ्या जीपीडी नावाच्या कंपनीकडे गेले. ते लोटसच्या वहीत उतरलेच नाहीत. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला असा व्यवहार वाचताना पहिल्या ओळीलाच ठेच लागते. काम एकाचे, बिल तिसऱ्याचे, आणि तिसरा अशा देशात की जिथे कोणी विचारत नाही. कराच्या पुस्तिकेतली फट शोधणारा तरुण इथवर कधी आला, हे त्याचे चरित्रकारही नेमके सांगू शकत नाहीत. १९९२ मध्ये लोटसचा जुना हिशेबनीस फ्रेड बुशेल याने गुन्हा कबूल केला. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. चॅपमन आणि डिलोरियन पिंजऱ्यात असते तर दोघांना किमान दहा-दहा वर्षे दिली असती, असे न्यायाधीशांनी त्या वेळी बोलून दाखवले. चॅपमन तेव्हा आपली बाजू मांडायला नव्हता. त्याने मरणाचे नाटक केले आणि तो ब्राझीलला पळाला अशा वावड्याही उठल्या. त्यांत काही तथ्य नाही.

डिलोरियनचा कारखाना फेब्रुवारी १९८२ मध्ये बुडाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ऑस्ट्रियात लोटसचा एलिओ दे आंजेलिस एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याने जिंकला आणि चॅपमनची टोपी हवेत गेली. ती शेवटची. १६ डिसेंबर १९८२ च्या पहाटे नॉरफोकमधल्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय चौपन्न.

त्याच दिवशी त्याचे लोक स्नेटर्टनच्या मैदानावर एका नव्या लोटसची चाचणी घेत होते. तिच्यातल्या स्प्रिंगांचे काम संगणकाच्या हुकमाने चालणारे तेलाचे पंप करणार होते. या कल्पनेला चॅपमननेच होकार दिला होता. पंप, नळ्या आणि संगणक यांच्यामुळे ती गाडी नेहमीच्या गाडीपेक्षा जड झाली होती.